कांद्याच्या मुळातलं घड्याळ: पेशींचं विभाजन पाहा, मोजा आणि वेळ काढा

दहावीच्या विज्ञानात सूत्री विभाजनाची, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची, चार चित्रं असतात: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. चारही एकाच मापाची, एकाखाली एक. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं ती चित्रं पाहून मला विचारलं, "काकू, चारही अवस्थांना सारखाच वेळ लागतो का?" मी वीसेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात एकदाही आला नव्हता. उत्तर तोंडी सांगता आलं असतं. त्याऐवजी तिला म्हटलं, घरून एक कांदा घेऊन ये.

कांद्याच्या मुळाचं टोक मारून, रंगवून, काचेवर चेपलं की हजारो पेशी आपापल्या क्षणी थांबलेल्या दिसतात. लक्ष्मी रोडवरच्या गर्दीचा एक फोटो काढावा तसं. फोटोत चालणारे किती, उभे किती, दुकानात शिरणारे किती हे मोजलं की लोक कशात किती वेळ घालवतात याचा अंदाज येतो. पेशींचंही तसंच आहे. स्लाइडवरचं सगळं मेलेलं, स्थिर, पण मोजलं की त्यातून मिनिटं निघतात. ही मोजणी मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, आणि बहुतेक ठिकाणी तीच गाळली जाते. एक बरं चित्र सापडलं की वही पूर्ण झाली असं मानतात.

सुरुवातीपासून शेवटापर्यंत आठवडा धरा. त्यातलं हातानं करायचं काम तीन-चार तासांचं.

आधी वालाचं मूळ

कांद्याला हात लावण्याआधी एक सोपा प्रयोग करून घ्या, म्हणजे मुळाचं टोकच का घ्यायचं हे मुलांना पटतं.

डाळिंब्यांच्या उसळीसाठी वाल भिजवाल तेव्हा सात-आठ दाणे बाजूला काढा. काचेच्या रुंद बरणीत आतून टिपकागद गुंडाळून लावा, काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे अडकवा, तळाशी बोटभर पाणी ठेवा. मूळ दोन सेंटिमीटरचं झालं की दाणा अलगद काढा. शिवणाचा दोरा काळ्या शाईत बुडवून, जादाची शाई टिपून घ्या आणि मुळावर टोकापासून वरपर्यंत दर दोन मिलिमीटरला एकेक आडवी रेघ उमटवा. पेननं करू नका, मूळ खरवडतं. रेघा वाळल्या की दाणा परत जागेवर ठेवा.

दुसऱ्या दिवशी दाण्याजवळच्या रेघा होत्या तशाच असतात. टोकाच्या जरा मागच्या रेघा मात्र एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात, काही तर ओढल्यासारख्या फिकट झालेल्या. मूळ सगळीकडून वाढत नाही, टोकाजवळच्या थोड्याशा पट्ट्यात वाढतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजायची चूक फार होते. अगदी टोकाला, मूळटोपीच्या लगेच मागे, पेशी विभागतात, म्हणजे संख्येनं वाढतात. त्याच्या मागच्या पट्ट्यात त्याच पेशी लांब होतात. लांब होताना पेशी नवा माल फार बनवत नाही. आतली रिक्तिका, म्हणजे पाण्याची पिशवी, पाणी शोषून फुगते आणि ओली, मऊ पेशीभित्तिका ताणली जाते. रेघा लांब नेते ती ही दुसरी क्रिया. पहिली डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या खोडांवर कुणी कुणी नावं कोरलेली असतात. झाड कितीही उंच झालं तरी ते नाव त्याच उंचीवर राहतं, फक्त आडवं पसरतं. खोडही लांबीला टोकाशीच वाढतं. जाडी वाढते ती सालीखालच्या पार्श्व विभाजी ऊतीमुळे, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशींच्या थरामुळे. लॉन कापलं तरी पुन्हा उगवतं, कारण गवताची विभाजी ऊती पानाच्या बुडाशी असते आणि यंत्राचं पातं तिथवर पोचत नाही.

प्राण्यांची वाढ सहसा अशी टोकांशीच होत नाही. बाळ फक्त डोक्याच्या टोकाला वाढत नाही.

कांदा कोणता घ्यायचा

अर्धे प्रयोग इथेच फसतात. मंडईतून ताजा, रसरशीत कांदा आणून पाण्यावर ठेवतात आणि आठ दिवस मूळ दिसत नाही. काढणीनंतर कांदा काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. म्हणून चाळीत साठवलेला, उन्हाळ कांदा घ्या. श्रावण-भाद्रपदात घरातल्या टोपलीत ज्याला कोंब डोकावायला लागला आहे तो सगळ्यात उत्तम. स्वयंपाकातून बाजूला काढतो तो कांदा इथे पहिल्या पसंतीचा.

काही कांदे मात्र किती दिवस ठेवले तरी कोंब धरत नाहीत. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. तिथे गॅमा किरणांचा अगदी थोडा मारा केला की कांद्याच्या कोंबातल्या विभागणाऱ्या पेशी निकामी होतात. बाकीचा कांदा जसाच्या तसा राहतो. किरणांचा घाव सगळ्यात जास्त बसतो तो विभागणाऱ्या पेशींवर. कर्करोगावरचे किरणोपचारही याच तत्त्वावर चालतात.

कांद्याचा वरचा कोरडा पापुद्रा काढा. बुडाशी वाळलेल्या जुन्या मुळांची दाढी असते, ती सुरीनं हलके खरवडा. हलके म्हणजे खरंच हलके. बुडाची चकती खोल कापली तर नवी मुळं जिथून फुटतात ती कडाच जाते. चार टूथपिक टोचून कांदा पेल्याच्या काठावर टेकवा. पाणी बुडाला जेमतेम टेकलं पाहिजे, कांदा बुडाला तर कुजतो. नळाचं पाणी रात्रभर भांड्यात उघडं ठेवून मग वापरा, आणि रोज बदला. एका कांद्यावर विसंबू नका, चार पेले लावा. कांदा नाहीच जमला तर लसणाची पाकळी चालते. कांद्याप्रमाणेच तिच्या पेशीतही १६ गुणसूत्रं (केंद्रकातले आनुवंशिक माहितीचे दोरे) असतात आणि मुळं बहुधा लवकर येतात.

पुण्यात जुलै ते फेब्रुवारी हवा या कामाला चांगली असते. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पेले माठाशेजारी, सावलीत ठेवा. दोन-तीन सेंटिमीटरची पांढरी, ताठ मुळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिळतात. पिवळी पडलेली किंवा लोंबणारी मुळं घेऊ नका.

पेशींना त्याच क्षणी थांबवणं

इथून पुढचं काम शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करा. लागणारी रसायनं घरात ठेवण्यासारखी नाहीत.

मूळ नुसतं तोडून ठेवलं तर पेशी हळूहळू मरतात आणि सगळं चित्र बिघडतं. त्यांना एका झटक्यात मारायचं असतं, म्हणजे जी पेशी जिथे होती तिथेच थांबते. त्यासाठी तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल असं मिश्रण करतात. ते आयत्या वेळी बनवा, कालचं वापरू नका. घरातलं व्हिनेगर चालत नाही, त्यात आम्ल चार-पाच टक्केच असतं. ग्लेशियल ॲसेटिक आम्लानं कातडी भाजते आणि वाफ नाकाला झोंबते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.

मुळांची शेवटची एक-दीड सेंटिमीटरची टोकं धारदार ब्लेडनं कापून लगेच मिश्रणात टाका. प्रयोगवह्यांत सकाळी कापायला सांगतात, मीही नऊ-दहाच्या सुमारास कापते. चोवीस तासांनी टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. अशी ती फ्रिजमध्ये बरेच दिवस टिकतात. बाटलीवर तारीख, कापल्याची वेळ आणि त्या दिवशीचं खोलीचं तापमान लिहा. तापमान कशाला, ते मोजणीच्या वेळी कळेल.

रंग

वॉचग्लासमध्ये ॲसिटोकार्माइनचे नऊ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घ्या. त्यात दोन-तीन टोकं टाका. स्पिरिटच्या दिव्यावर वॉचग्लास चिमट्यात धरून तापवा, वाफ दिसली की बाजूला घ्या, निवलं की पुन्हा. असं चार-पाच वेळा. उकळू द्यायचं नाही. मग झाकून वीस मिनिटं ठेवा. अल्कोहोलची बाटली या वेळी टेबलावर नको, ती कपाटात गेली आहे याची खात्री करूनच दिवा पेटवा.

आम्लाचं काम वेगळं, रंगाचं वेगळं. शेजारशेजारच्या पेशी पेक्टिनच्या थरानं एकमेकींना चिकटलेल्या असतात, आम्ल तो थर सैल करतं. कार्माइन गुणसूत्रांना लाल रंग देतं. रंग फिका आला तर लोखंडी सुईनं द्रावण ढवळा, लोहाच्या अंशानं रंग गडद होतो. गंजलेली सुई प्रयोगशाळेत जपून ठेवायची एवढी एकच जागा मला माहीत आहे.

टोक रंगलं की त्यातला शेवटचा एक-दोन मिलिमीटरचा भाग बाकीच्या मुळापेक्षा ठळक गडद दिसतो. तिथल्या पेशी लहान, दाटीवाटीच्या आणि केंद्रकं मोठी, म्हणून. तेवढाच भाग आपल्याला हवा. बाकीचं मूळ कापून टाका, मन घट्ट करून. मुलं जास्तीचं मूळ ठेवतात आणि मग सूक्ष्मदर्शकात फक्त लांबोडक्या, रिकाम्या पेशी बघत बसतात.

चेपणं

हे शिकवून येत नाही, सात-आठ स्लाइडी फुकट घालवूनच येतं. स्वच्छ स्लाइडवर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाचा एक थेंब टाका, त्यात गडद टोक ठेवा, सुईनं त्याचे दोन-तीन तुकडे करा. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवत सोडा, बुडबुडा राहू देऊ नका. आता पेन्सिलच्या मागच्या रबरानं कव्हरस्लिपवर हळूहळू टकटक करा. लालसर ठिपका ढगासारखा पसरायला लागतो. मग टिपकागदाची घडी वर ठेवा आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबा. काच किंचितही सरकू द्यायची नाही. सरकली की पेशी गुंडाळल्या जातात, शेवयांसारख्या, आणि ती स्लाइड गेली. दाब किती हवा? शिक्का उमटवताना देतो त्याच्यापेक्षा थोडा जास्त. कव्हरस्लिप फुटली तर दाब फार झाला, पेशी थरांवर थर दिसल्या तर कमी पडला.

चांगली जमलेली स्लाइड कडेनं नेलपॉलिश लावून बंद करा, आठवडाभर सहज टिकते.

भिंगाखाली

आधी दहाच्या भिंगावर पूर्ण स्लाइड फिरा. लांब पेशींचा भाग सोडून द्या, चौकोनी आणि भरगच्च पेशींचा भाग शोधा. तो सापडला की चाळीसच्या भिंगावर या, म्हणजे ४०० पट. प्रकाश थोडा कमी करा, गुणसूत्रांच्या कडा उठून दिसतात.

सगळ्यात जास्त दिसतील त्या आंतरावस्थेतल्या, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातल्या पेशी: गोल केंद्रक, आत बारीक दाणेदार रंग, एक-दोन फिकट ठिपके, म्हणजे केंद्रकी. जुन्या पुस्तकांत हिला विश्रांतीची अवस्था म्हणत. ते साफ चूक होतं. पेशी वाढते ती याच काळात, आणि डीएनएची दुसरी प्रतही याच काळात तयार होते. ही प्रत आंतरावस्थेच्या मधल्याच ठरावीक टप्प्यात बनते हे ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, तेही बाकल्याच्या मुळांच्या टोकांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन. आज आपण जी-१ (प्रत बनण्याआधी), एस (प्रत बनताना), जी-२ (प्रत बनल्यावर) म्हणतो ती विभागणी तिथून आली. आपल्या स्लाइडवर हे तीन टप्पे वेगळे दिसत नाहीत.

पूर्वावस्थेत दाण्यांच्या जागी दोऱ्याचा गुंता दिसतो. शेवटाकडे केंद्रकाची कडच नाहीशी होते. मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका ओळीत येतात. इथे एक जागा फसवी आहे: पेशी उभी चेपली गेली असेल तर तीच ओळ वरून, फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोलात दिसते. मुलं तिला "वेगळंच काहीतरी" म्हणून सोडून देतात. खरं तर गुणसूत्रं मोजायला तीच उत्तम. कांद्याच्या पेशीत १६ असतात. शांतपणे फोकस वर-खाली करत मोजली तर मोजता येतात, आणि पहिल्यांदा स्वतः सोळा मोजलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पश्चावस्था सगळ्यात सुंदर. दोन गट दोन टोकांकडे निघालेले असतात आणि प्रत्येक गुणसूत्राचे हात मागे लोंबल्यासारखे, कारण तुर्कतंतू, म्हणजे विभाजनाच्या वेळी तयार होणारे प्रथिनांचे धागे, त्याला मधल्या गुणसूत्रबिंदूपाशी ओढत असतात. दोरीनं मधोमध बांधून ओढलेल्या काठीची टोकं मागे पडतात तशी. या वेळी दोन्ही गटांत सोळा-सोळा असतात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना पुन्हा गुंते होतात आणि मध्ये एक पुसट आडवी रेघ दिसते, ते पेशीपटल, म्हणजे दोन नव्या पेशींमधल्या भिंतीची सुरुवात.

या पेशीपटलापाशी वनस्पती आणि प्राणी यांची वाट वेगळी होते. वनस्पतीपेशीभोवती टणक भित्तिका असते, ती चिमटता येत नाही. म्हणून नवी भिंत मधोमध सुरू होते आणि बाहेरच्या भिंतीपर्यंत बांधली जाते. प्राण्याच्या पेशीत उलट: पेशीच्या आवरणाखाली ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं तयार होतं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं आवळत जातं. खाच बाहेरून आत येते, शेवटी पेशीचे दोन भाग सुटे होतात. गुणसूत्रांची हालचाल दोघांत जवळजवळ सारखीच. वाल्टर फ्लेमिंगनं १८८२ साली सूत्री विभाजनाचं जे वर्णन छापलं ते सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशींवरून. तीच दृश्यं आपण कांद्यात बघतो.

मोजणी

आता त्या मुलीचा प्रश्न.

चाळीसच्या भिंगावर चांगला भाग निवडा आणि तिथली प्रत्येक पेशी मोजा. आवडलेल्या पेशी शोधत फिरायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. एका कोपऱ्यापासून ओळीनं जा, प्रत्येक पेशीची अवस्था वहीत रेघेनं नोंदवा, दृश्य संपलं की शेजारच्या दृश्यावर जा. निदान २०० पेशी हव्यात. दोघांनी स्वतंत्रपणे मोजा आणि मग आकडे जुळवा. आंतरावस्था कुठे संपते आणि पूर्वावस्था कुठे सुरू होते यावर हमखास मतभेद होतात. आमचा नियम असा: एकही दोरा सुटा ओळखता येत नसेल तर ती आंतरावस्था. तुम्ही वेगळा नियम करा, पण मोजायला लागण्याआधी करा.

समजा २०० पैकी १८० पेशी आंतरावस्थेत, १२ पूर्वावस्थेत, ३ मध्यावस्थेत, २ पश्चावस्थेत आणि ३ अंत्यावस्थेत निघाल्या. विभागणाऱ्या एकूण २०, म्हणजे शंभरात दहा. याला विभाजन निर्देशांक म्हणतात.

२० अंश सेल्सिअसच्या आसपास कांद्याच्या मुळातल्या पेशीचं एक पूर्ण चक्र, एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचं, साधारण २० तासांचं असतं, म्हणजे १२०० मिनिटं. ती २०० पेशींत वाटली तर एका पेशीला सहा मिनिटं. मग पूर्वावस्था बारा सक बहात्तर मिनिटं, मध्यावस्था अठरा, पश्चावस्था बारा, अंत्यावस्था अठरा. आंतरावस्था अठरा तास. पुस्तकात सारख्या मापाच्या दिसणाऱ्या चार चित्रांपैकी एक बाकीच्या तिघांच्या बेरजेपेक्षाही लांब निघालं, आणि जिचं चित्र कोपऱ्यात असतं ती आंतरावस्था या सगळ्यांना गिळून बसली.

त्या मुलीनं स्वतःच्या आकड्यांवरून हे गणित मांडलं तेव्हा ती आधी म्हणाली, "माझं चुकलं असेल." दुसऱ्या स्लाइडवर पुन्हा मोजलं. आकडे थोडे हलले, क्रम तोच राहिला. पश्चावस्था इतकी कमी का सापडते याचं कारणही तिला तिथेच कळलं: ती इतकी लवकर उरकते की फोटोत क्वचितच येते.

या हिशोबात दोन कच्चे दुवे आहेत, ते मुलांना सांगायलाच हवेत. एक म्हणजे तापमान. खोली २७ अंशांवर असेल तर चक्र वीस तासांपेक्षा लवकर पूर्ण होतं, तेव्हा मिनिटांपेक्षा अवस्थांचं आपसातलं प्रमाण जास्त विश्वासाचं. म्हणून बाटलीवर तापमान लिहायचं. दुसरा सूक्ष्म आहे. एक पेशी विभागली की दोन होतात, त्यामुळे विभागणाऱ्या गर्दीत नुकत्या जन्मलेल्या पेशी नेहमीच जास्त असतात, आणि आंतरावस्थेच्या सुरुवातीचा काळ खऱ्यापेक्षा किंचित लांब भासतो. अकरावी-बारावीच्या मुलांना हे सांगा, ती त्यावर चांगलं डोकं लढवतात.

वेळ असेल तर एक पेला थंड जागी आणि एक स्वयंपाकघरात ठेवून दोन्हींची मुळं वेगवेगळी मोजा.

कळलावी आणि सदाफुली

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते तुर्कतंतू बनूच देत नाही, त्यामुळे पेशी मध्यावस्थेशी येऊन अडकते. ॲल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिनचा हा परिणाम कांद्याच्या मुळांवर तपशीलवार दाखवला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी आणि जो हिन त्जिओ यांनी कोल्चिसिन देऊन, पेशी फुगवून आणि चेपून माणसाची गुणसूत्रं मोजली. ती ४६ निघाली. तोवर तीसेक वर्षं जगभरची पुस्तकं ४८ सांगत होती. आपण अंगठ्यानं करतो ती चेपण्याची रीत तिथेही होती.

कोल्चिसिन अत्यंत विषारी आहे. कळलावीचा कुठलाही भाग या प्रयोगासाठी आणू नका, मुलांना हाताळूही देऊ नका.

गॅलरीतल्या कुंडीतली सदाफुलीही अशाच कामाची. तिच्यापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं तुर्कतंतूंच्या प्रथिनाला धरून विभाजन अडवतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. केस गळणं, तोंड येणं हे कर्करोगावरच्या बऱ्याच औषधांचे त्रास का होतात तेही इथे समजतं: केसांची मुळं आणि तोंडा-आतड्यांचं अस्तर इथल्या पेशी सतत विभागत असतात, आणि औषध त्यांना वेगळं ओळखत नाही.

प्राण्यांच्या पेशी घरी दिसतील का?

गालाच्या आतून टूथपिकनं खरवडून घेतलेल्या पेशींत विभाजन दिसेल का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. दिसत नाही. हाताला येतो तो सगळ्यात वरचा थर, तिथल्या पेशींचं विभागणं केव्हाच संपलेलं असतं. विभाजन खालच्या थरात चालू असतं आणि वरच्या पेशी झडत जातात. आतड्याचं अस्तर असंच काही दिवसांत पूर्ण बदलतं. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र मोठेपणी विभागत नाहीत.

एक साधं निरीक्षण घरी होतं. कोंबडा असलेल्या घरचं गावठी अंडं आणि दुकानातलं इंग्लिश अंडं, दोन्ही बशीत अलगद फोडा. पिवळ्या बलकावर एक फिकट ठिपका असतो. इंग्लिश अंड्यात तो लहान आणि भरीव, कारण ते फलित झालेलंच नसतं. फलित अंड्यात ठिपका मोठा, कडेला वर्तुळ उमटलेला. अंडं घातलं जाईपर्यंतच त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. सुरुवातीच्या या विभाजनांत पेशी मध्ये थांबून वाढत नाहीत, नुसत्या विभागत जातात, म्हणून दर खेपेला लहान होतात. कांद्याच्या मुळात पेशी आधी वाढते, मग विभागते. वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वालानं एका बाजूनं दाखवलं होतं, अंडं दुसऱ्या बाजूनं दाखवतं.

प्राण्यांच्या जिवंत पेशी बशीत वाढवण्याचं काम पुण्यातच मोठ्या प्रमाणावर चालतं. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवतं. आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली बांबूची ऊतिसंवर्धनातली रोपं काचेच्या नळीतच फुलवली. एरवी बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो. वनस्पतीची एखादी साधी पेशीही योग्य संप्रेरकं मिळाली तर पुन्हा विभागायला लागते आणि तिच्यातून पूर्ण झाड उभं राहू शकतं. प्राण्याची मोठी झालेली पेशी हे सहजासहजी करत नाही. पेशीचक्र चालवणारी मूळ यंत्रणा मात्र दोघांत एकच. ती शोधल्याबद्दल २००१ चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळालं, आणि त्यांचं काम यीस्टवर आणि समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर झालं होतं.

उरलेला कांदा

टोकं कापलेला कांदा टाकू नका. त्याला कुठलंही रसायन लागलेलं नाही. कुंडीत मातीत अर्धा दिसेल असा लावा, नवी मुळं धरतात. थंडी चांगली पडली तर जानेवारी-फेब्रुवारीत त्याला डेंगळे येतात. डेंगळ्याच्या टोकाचा गोंडा पापुद्र्यात बंद असतो तेव्हाच त्यातल्या सगळ्यात लहान कळ्या काढा आणि याच मिश्रणात थांबवा. परागकोशातल्या पेशींत अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, चालू असतं. तिथे सोळांच्या आठ जोड्या मोजायच्या आहेत.